कॅमेरा ट्रॅपचे ४० हजार फोटो: रिकामे वेगळे काढणं आणि प्राणी ओळखणं

देवराई८ यांचा प्रश्न:
वनखात्याच्या परवानगीने सातारा जिल्ह्यातल्या देवरायांत आमच्या गटाने ८ कॅमेरा ट्रॅप (समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लावलेत. उन्हाळ्याचे साधारण ४०,००० फोटो जमलेत. एका वेळी तीन फोटो, रात्री इन्फ्रारेड. बरेचसे नुसत्या हलणाऱ्या गवताचे. भेकर, सांबर, साळिंदर, उदमांजर, रानमांजर, कोल्हा, बिबट्या अपेक्षित आहेत. गावची गुरं आणि कुत्री तर असणारच. साधा विंडोज लॅपटॉप आहे, ग्राफिक्स कार्ड नाही. फोटो ओळखणारं कुठलं एआय मॉडेल वापरावं, कॉन्फिडन्स (मॉडेलची खात्री) किमान किती ठेवावा, आणि मशीनने सांगितलेली जात न तपासता तक्त्यात भरावी का?

पाणवठा:
पहिल्या फेरीत जात विचारूच नका. ‘फोटोत काही आहे का’ एवढंच काम मेगाडिटेक्टर या एआय मॉडेलला द्या. तो प्राणी, माणूस आणि वाहन या तीनच गोष्टी शोधतो, प्रत्येकाभोवती चौकट काढतो आणि ० ते १ च्या मध्ये कॉन्फिडन्स देतो. प्राणी कुठला हे त्याला ठरवायचंच नसतं, म्हणून पूर्वी न पाहिलेल्या जंगलातही तो चांगला चालतो. कोडिंग येत नसेल तर अ‍ॅडॅक्सएआय (पूर्वीचं इकोअसिस्ट) मधून चालवा.

त्याआधी कार्डं नीट उतरवा. वेगवेगळ्या कार्डांवर फाइलची नावं तीच तीच असतात. सगळं एका फोल्डरमध्ये ओतलं की एकीवर दुसरी चढते आणि आधीची जाते. ठिकाण, त्यात कॅमेऱ्याचा नंबर, त्यात कार्ड काढल्याची तारीख अशी फोल्डरं करा. मूळ प्रत वेगळ्या डिस्कवर, तिला हात लावायचा नाही. घड्याळही आत्ताच तपासा. सेल बदलताना काही कॅमेरे तारीख विसरतात, आणि १२ तासांच्या घड्याळात चुकून दिवसाची रात्र होते. भर दुपारच्या वेळेचा फोटो काळोखात दिसला की समजा. चूक सगळ्या कार्डावर सारखीच असेल तर एक्झिफटूलने (फोटोच्या फाइलमधली तारीख-वेळ बदलणारं सॉफ्टवेअर) वेळ एकदम सरकवता येते.

ग्राफिक्स कार्डाशिवाय एका फोटोला काही सेकंद लागतात. ५ सेकंद धरले तर ४०,००० फोटोंना सुमारे ५५ तास. चेकपॉइंटचा पर्याय चालू ठेवा, म्हणजे मध्येच वीज गेली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. लॅपटॉपचं स्लीप बंद करा.

रानवाट:
मेगाडिटेक्टरच्या पाचव्या आवृत्तीला कॉन्फिडन्स ०.२ पासून सुरुवात करा; त्याखालचे फोटो रिकामे धरायचे. चौथ्या आवृत्तीला ०.८ चालायचं; जुन्या लेखातला तो आकडा पाचवीला लावलात तर बरेच प्राणी रिकाम्यांत जातील.

नंतर रिकाम्या गठ्ठ्यातून कॅमेऱ्यागणिक १०० फोटो चिठ्ठ्या टाकल्यासारखे उचला आणि डोळ्यांनी बघा. एखाद्या कॅमेऱ्यात प्राणी निसटलेले दिसले तर फक्त त्याच्यापुरतं ०.१ वर या. सहसा निसटतात ते असे: लेन्सला इतका चिकटलेला की नुसते केस दिसतात, कडेला फक्त शेपूट उरलेली, उंदरासारखे छोटे जीव, आणि धुक्यातलं काहीही. तीनपैकी एका फोटोत प्राणी असेल तर तिन्ही ठेवा, कारण पुढच्या फोटोत ओळखीची खूण मिळू शकते.

उलट त्रासही होतो. एखादं खोड किंवा दगड शेकडो फोटोंत प्राणी म्हणून येतो. तीच चौकट त्याच जागी सतत येत असेल तर ती एकत्र काढून एकदाच बघायची आणि टाकायची. मात्र बघायचीच, कारण रवंथ करत बसलेली गायही अशीच दिसते.

माणसांचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये जातील. सरपणाला आलेल्या बायकांचे फोटो कुणाच्या ग्रुपवर जाता कामा नयेत.

खूणगाठ:
आता जात. गूगलने २०२५ मध्ये खुलं केलेलं, जात ओळखणारं मॉडेल स्पीशीजनेट वापरा, आणि देश भारत असा भरायला विसरू नका. त्यामुळे इथे नसलेल्या जाती गाळल्या जातात. खात्री नसेल तर ते जातीऐवजी कुळ किंवा नुसतं ‘सस्तन प्राणी’ म्हणतं, आणि ते बरंच आहे. दुसऱ्या खंडाचं मॉडेल घेऊ नका. युरोपच्या यादीत भेकर नाहीच, मग ते रो डिअर (तिकडचं छोटं हरीण) म्हणण्यावाचून काय करणार?

न तपासता तक्त्यात भरू नका. हिशोब करून बघा: कुत्र्यांचे ४,००० फोटो आहेत आणि मॉडेल त्यातल्या फक्त ३ टक्क्यांना कोल्हा म्हणतं, तर १२० खोटे कोल्हे झाले. खरे कोल्हे ६० असतील तर तुमच्या ‘कोल्ह्यां’त दोन तृतीयांश कुत्री! म्हणून दुर्मिळ जातींचा प्रत्येक फोटो बघा, गुरांसारख्या मुबलक गठ्ठ्यातले २०० पुरतील. ‘सस्तन प्राणी’ म्हणून सोडलेले मात्र सगळे बघा, खवले मांजर असलंच तर बहुधा तिथेच सापडेल.

इन्फ्रारेडमध्ये रंग जातो, तेव्हा ठेवण बघायची. जवादी मांजराच्या शेपटीवर कडी आणि अंगावर ओळीने ठिपके; उदमांजराची शेपटी गडद, कड्यांशिवाय. रानमांजराचे पाय उंच, शेपूट आखूड आणि टोकाला काळी. पाळीव मांजराची शेपूट त्यामानाने लांब.

देवराई८:
खूप उपयोग झाला. बिबटे एकेक वेगळे ओळखता येतील का?

पाणवठा:
येतील, पण ते तिसरं काम, वेगळ्या सॉफ्टवेअरचं. २०१८ च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणांहून ३,४८,५८,६२३ फोटो आले, त्यात वाघाचे ७६,६५१ आणि बिबट्याचे ५१,७७७. तिथेही आधी कॅट्रॅट या सॉफ्टवेअरने जाती वेगळ्या केल्या, मग एक्स्ट्रॅक्टकम्पेअर या दुसऱ्याने वाघांचे पट्टे जुळवले. बिबट्याच्या ठिपक्यांसाठी हॉटस्पॉटर आहे. ते जुळणारे फोटो सुचवतं, शेवटी हो-नाही माणसानेच म्हणायचं.

दोन्ही कुशींवरचे ठिपके वेगळे असतात. पुढच्या मोसमात वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावा, पण थोडे पुढे-मागे, म्हणजे एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या लेन्समध्ये जाणार नाही. यंदा एका ठिकाणी एकच कॅमेरा असेल तर फक्त डाव्या किंवा फक्त उजव्या कुशीवरून मोजा. दोन्हींची बेरीज केलीत तर एकच बिबट्या दोनदा मोजला जाईल.