युरो: २४ संघ ठेवायचे की पुन्हा १६ वर यायचं?

मैदानवेडा

पुरुषांच्या युरोपीय फुटबॉल अजिंक्यपद स्पर्धेत, म्हणजे 'युरो'त, २०१६ पासून २४ संघ खेळतात. माझं मत स्पष्ट आहे: १९९६ ते २०१२ या काळातली १६ संघांची युरो ही फुटबॉलमधली सर्वांत कसदार स्पर्धा होती. युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, ती फुगवून तिची धार घालवली.

साधा हिशेब करा. १६ संघ असताना २४ साखळी सामने व्हायचे आणि निम्मे संघ घरी जायचे. पहिला सामना हरलात की दुसऱ्यात जीव टांगणीला. आता साखळीतच ३६ सामने होतात आणि एवढं खेळून बाहेर पडतात फक्त ८, कारण गटात तिसऱ्या आलेल्या सहापैकी चार जणांनाही पुढे चाल मिळते. २०१६ मध्ये पोर्तुगालने आइसलँडशी १-१, ऑस्ट्रियाशी ०-० आणि हंगेरीशी ३-३ अशी बरोबरी केली. विजय एकही नाही, गटात तिसरा क्रमांक. पूर्वीच्या नियमाने स्पर्धा तिथेच संपली असती. इथे तोच संघ करंडक घेऊन गेला आणि सात सामन्यांत ९० मिनिटांत जिंकलेला सामना एकच, उपांत्य फेरीत वेल्सविरुद्धचा.

उलट १९७६ बघा. युगोस्लाव्हियातल्या अंतिम टप्प्यात चारच संघ, चारच सामने आणि चारही जादा वेळेत गेले! अंतिम सामना २-२. पेनल्टी शूटआऊटमध्ये पश्चिम जर्मनीच्या उली हेनेसने चेंडू बारवरून मारला. मग चेकोस्लोव्हाकियाचा पानेन्का लांबून धावत आला. गोलरक्षक सेप मायर डावीकडे झेपावला आणि पानेन्काने चेंडूखाली अलगद बूट घालून तो मधोमध, सावकाश जाळ्यात सोडला. एका किकवर युरोपचं विजेतेपद! जिथे प्रत्येक सामना जिवावरचा असतो, तिथेच असा क्षण एवढा मोठा होतो.

डावखुरा

ठाम असहमत. चार संघांच्या काळाची आठवण काढलीत, तर तो पूर्ण सांगा. १९६८ मध्ये नेपल्सला इटली आणि सोव्हिएत संघाचा उपांत्य सामना ०-० सुटला. तेव्हा शूटआऊट नव्हतं, म्हणून नाणेफेक झाली. इटलीच्या कर्णधाराने, फाकेत्तीने, कौल जिंकला, इटली अंतिम फेरीत गेली आणि पुढे विजेतीही झाली. नाण्यावर निकाल लावणाऱ्या स्पर्धेला मी तरी कसदार म्हणणार नाही.

आठ संघांच्या काळात दार इतकं अरुंद होतं की १९८२ चा विश्वविजेता इटली १९८४ च्या युरोत नव्हताच. आणि १९९२? डेन्मार्क पात्रता गटात युगोस्लाव्हियाच्या मागे राहिला होता. निर्बंधांमुळे युगोस्लाव्हियाला वगळलं, म्हणून डेन्मार्कला ऐनवेळी बोलावणं आलं. त्याच संघाच्या श्मायकेलने उपांत्य फेरीच्या शूटआऊटमध्ये नेदरलँड्सच्या व्हॅन बास्टेनची पेनल्टी अडवली आणि अंतिम सामन्यात डेन्मार्कने जर्मनीला २-० हरवलं. म्हणजे विजेता होण्याची ताकद असलेला संघ नियमाने घरी बसला होता.

शिवाय युरोप तोच राहिलेला नाही. सोव्हिएत संघ, युगोस्लाव्हिया, चेकोस्लोव्हाकिया फुटले. आज युएफाचे ५५ सदस्य आहेत. त्यातले २४ म्हणजे निम्मेसुद्धा नाहीत. २०१६ मध्ये आइसलँडने इंग्लंडला २-१ ने घरी पाठवलं, वेल्सने बेल्जियमला ३-१ हरवून उपांत्य फेरी गाठली. हे १६ संघांत कुठून दिसलं असतं?

मैदानवेडा

@डावखुरा, दिसलं असतं. आइसलँड आणि वेल्स दोघेही पात्रता गटात दुसरे होते. २०१२ च्या नियमाने दुसऱ्या क्रमांकाला प्लेऑफची, म्हणजे उरलेल्या जागांसाठीच्या सामन्यांची, संधी होतीच. आइसलँडने तर त्याच फेरीत नेदरलँड्सला घरी आणि बाहेर, दोन्हीकडे हरवलं होतं. त्यांना मेहेरबानीची गरज नव्हती. डेन्मार्कचा मुद्दा मान्य, पण ती तक्रार आठ संघांबद्दल आहे. मी आठवर जाऊया असं कुठे म्हणतोय?

बचावफळी

दोघेही संघांच्या संख्येवर अडलात. खरी खोट तिसऱ्या क्रमांकाच्या नियमात आहे.

२०२४ चा ई गट घ्या. रोमानिया, बेल्जियम, स्लोव्हाकिया, युक्रेन, चौघांचेही ४ गुण. गोलफरकात युक्रेन शेवटचा आला आणि बाहेर गेला. त्याच स्पर्धेत स्लोव्हेनिया तीन बरोबऱ्या, ३ गुण घेऊन पुढे गेला. चार गुणवाला बाहेर, तीन गुणवाला आत. चौथा आला म्हणून बाहेर, हा नियम मला कळतो. पटत मात्र नाही.

हंगेरीचं त्याहून वाईट. २३ जूनला स्कॉटलंडविरुद्ध भरपाई वेळेत, १००व्या मिनिटाला चोबोथने गोल मारला, सगळा बाक मैदानात धावला. पण गोलफरक खराब, म्हणून तिसऱ्या क्रमांकावर दुसऱ्यांच्या निकालांची वाट बघत बसावं लागलं आणि २६ तारखेला ते बाहेर पडले. खेळाडूच्या हातात काहीच नाही! २०१६ मध्ये अल्बेनियाने पहिल्याच युरोत रोमानियाला हरवलं आणि त्यांच्या नशिबी हेच आलं.

उलट शेवटी खेळणाऱ्या गटांना नेमकं किती पुरेल ते आधीच कळतं. स्लोव्हाकिया आणि रोमानियाला बरोबरी पुरणार होती. सामना १-१ सुटला, दोन्ही गोल पूर्वार्धातले. कोणी मुद्दाम केलं असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण १९८२ च्या विश्वचषकात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रियाला जर्मनीचा १-० विजय सोयीचा होता आणि तो गोल झाल्यावर सामना कसा थंडावला, हे सगळ्या जगाने पाहिलं. त्यानंतरच गटातले शेवटचे सामने एकाच वेळी ठेवायला लागले. सहा गटांची तुलना करायची म्हटलं की त्या सुधारणेवर पाणी फिरतं.

म्हणून एक तर १६, नाहीतर सरळ ३२ करा. प्रत्येक गटातून दोन, विषय संपला.

मैदानवेडा

३२? ५५ पैकी ३२ पात्र ठरणार असतील तर पात्रता फेरी कोण बघणार? फ्रान्स, स्पेन झोपेत पात्र होतील. हा उपाय रोगापेक्षा भारी आहे.

शिट्टी

१६ संघांत न्याय होता, या गृहीतकालाच माझी हरकत आहे. २००४ मध्ये इटली एकही सामना न हरता ५ गुणांवर बाहेर गेली, कारण डेन्मार्क आणि स्वीडन २-२ बरोबरीत राहिले. दोन किंवा जास्त गोलांची बरोबरी दोघांनाही पुरणार होती आणि तशीच झाली. बचावफळी, तुमची स्लोव्हाकिया-रोमानियावरची हरकत इथेही जशीच्या तशी लागू होते, आणि इथे तिसऱ्या क्रमांकाचा संबंधच नाही.

त्याच वर्षीचा विजेता ग्रीस. शेवटचा साखळी सामना रशियाशी हरला. स्पेनइतकेच गुण, तितकाच गोलफरक, केवळ जास्त गोल मारले म्हणून आत गेला. पुढे फ्रान्स, चेक प्रजासत्ताक आणि पोर्तुगाल, तिघांनाही १-० ने हरवलं. तेव्हाही रटाळ फुटबॉल म्हणून लोकांनी नाकं मुरडली होती. मला तो संघ मनापासून आवडतो. प्रशिक्षक रेहागेलने आपल्या खेळाडूंना काय जमतं हे ओळखलं आणि तेच चोख करून घेतलं. बचावात्मक खेळून जिंकणाऱ्याचा राग २०१६ च्या पोर्तुगालवर निघतो, पण १६ संघांच्या पद्धतीनेही तसाच विजेता दिला होता.

तिसऱ्या क्रमांकाबद्दल म्हणाल तर १९९० ची अर्जेंटिना आणि १९९४ ची इटली, दोघी गटात तिसऱ्या आल्या आणि विश्वचषकाच्या अंतिम फेरीपर्यंत गेल्या. त्यांना कोणी फुकटे म्हणत नाही.

बचावफळी

@शिट्टी, २००४ ची अडचण एका गटातली होती आणि दोन्ही सामने एकाच वेळी सुरू होते. तुलनेची अडचण सहा गटांत पसरते, तारखा वेगळ्या असतात. आणि १९९० चं म्हणाल तर फिफाने १९९८ मध्ये ३२ संघ करून तो नियम सोडला. युएफाने सोडलेलाच नियम उचलला.

डावखुरा

@मैदानवेडा, वेल्स-आइसलँडचं मान्य. मग २०२४ च्या जॉर्जियाचं सांगा. पात्रता गटात चौथे आले, नेशन्स लीग या युएफाच्या दुसऱ्या स्पर्धेच्या वाटेने प्लेऑफमध्ये गेले आणि ग्रीसला शूटआऊटमध्ये हरवून पहिल्यांदाच मोठ्या स्पर्धेत पोहोचले. १६ संघ असते तर हे नाव यादीत येण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. आणि मग गेल्झेनकिर्खेनला पोर्तुगालविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला क्वारात्स्खेलियाचा गोल, उत्तरार्धात मिकाउताद्झेची पेनल्टी, २-०, बाद फेरी.

मैदानवेडा

पोर्तुगालने गटातलं पहिलं स्थान आधीच पक्कं केलं होतं आणि बहुतेक संघ बदलून खेळवला, हेही लिहा. शेवटच्या साखळी सामन्याला एका बाजूने काही अर्थच उरला नव्हता.

डावखुरा

लिहितो की. आणि त्याच जॉर्जियाने पुढच्या फेरीत, नंतर विजेता ठरलेल्या स्पेनविरुद्ध आधी आघाडी घेतली, हे तुम्ही लिहा. १-४ हरले, पण मैदानात उतरून हरले. त्यांना पात्रता फेरीतच अडवणारी युरो मला नको.