युटाची फ्लोराइडबंदी आणि आपल्या बोअरचं पाणी

सॉल्टलेकची आई
'युटाने पाण्यातलं विष बंद केलं, आता भारतानेही नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळणं थांबवावं' हा लेख आठवड्याभरात मला तीन ठिकाणांहून आला. राहवत नाही म्हणून लिहिते.

भारतात नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळतच नाहीत, मग थांबवायचं काय? आणि युटाचं, म्हणजे अमेरिकेतल्या त्या राज्याचं म्हणाल तर मी तिथेच राहते. आमच्या सॉल्ट लेक काउंटीने (जिल्ह्याने) २००० साली मतदान करून, दात किडू नयेत म्हणून पाण्यात थोडं फ्लोराइड मिसळायचं ठरवलं होतं. मार्च २०२५ मध्ये राज्यपालांनी कायद्यावर सही केली आणि ७ मेपासून ते बंद झालं. या वेळी आम्हाला कुणी विचारलंसुद्धा नाही.

माझा मोठा मुलगा फ्लोराइड नसलेल्या गावात वाढला. पाचव्या वर्षी चार दाढा किडल्या, पूर्ण भूल देऊन काम करावं लागलं. धाकटी इथे वाढली, तिला एकही कीड नाही. जेवण तेच, ब्रशही तोच.

पांढरकवड्याकडचा
ताई, दोन लेकरांवरून सिद्धांत मांडू नका. आमच्या बोअरच्या पाण्यात ते जमिनीतूनच येतं, आणि जास्त झालं की दात-हाडं धरतं. फ्लोराइड म्हटलं की मला आईची पाठ दिसते. पन्नाशीतच वाकली, मान वळत नव्हती, संडासला बसता येत नव्हतं. आमच्या पट्ट्यात दात तपकिरी नाहीत असं माणूस शोधावं लागतं. बहिणीला बघायला आलेले लोक तिचं हसणं बघून चहा न पिता उठले. असल्या गोष्टीची तरफदारी वाचली की डोकं फिरतं.

दाढदुखी (दंतवैद्य, पुणे)
दादा, त्या तरफदारी करताहेत लिटरला ०.७ मिलिग्रॅमची, अमेरिकेत मिसळतात तेवढ्याची. आपल्याकडे लिटरला १ ही मर्यादा, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. तुमच्याकडच्या बोअरला त्याच्या कितीतरी पट असणार. मुळात पाण्यात फ्लोराइड मिसळायची ही सगळी कथा अमेरिकेतल्या कोलोरॅडोतल्या तुमच्यासारख्याच तपकिरी दातांपासून सुरू झाली. दात डागाळलेले, पण कीड कमी, हे तिथल्या दंतवैद्यांच्या लक्षात आलं. फरक मात्रेचा आहे.

हक्काचं पाणी
मात्रा कोण मोजतं? एक जण दिवसाला लिटरभर पितो, उन्हात राबणारा सहा लिटर. औषध द्यायचं तर माणूस बघून द्या. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या फेडरल न्यायाधीशांनी ०.७ लासुद्धा मुलांच्या बुद्ध्यांकाला अवाजवी धोका आहे म्हटलं. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहराने २००३ मध्ये बंद केलं, तिथली मुलं बोळकी झाली का? जगभरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा २०२४ चा आढावा बघा. १९७५ नंतरच्या अभ्यासांत मुलामागे जेमतेम पाव दुधाच्या दाताचा फरक.

सॉल्टलेकची आई
त्याच निकालात 'हे पाणी निश्चित घातक आहे असं मी म्हणत नाही' हेही आहे. ते का गाळलंत? स्वित्झर्लंडमध्ये मिठातून फ्लोराइड मिळतं, तेही गाळलंत. कॅनडातल्या कॅलगरी शहराने २०११ मध्ये बंद केलं, मुलांचे दात जास्त किडले, लोकांनी मतदान केलं आणि ३० जून २०२५ ला पुन्हा सुरू झालं. पाव दात तुम्हाला किरकोळ वाटतो. भूल दिलेलं पाच वर्षांचं लेकरू मांडीवर घेऊन बसा मग.

पांढरकवड्याकडचा
तुमचं कॅलगरी-बाझेल चालू द्या. आमच्या गावात आरओ प्लांट बसवला, फीत कापली, फोटो काढले. आठ महिन्यांत त्यातली मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा पडदा, गेली. ठेकेदार फोन उचलत नाही, वीजबिल थकलं, खोलीला कुलूप. आता तिथे शेळ्या बांधतात.

मांजरापट्टा
आमच्याकडे उलटं. प्लांट खाजगी आहे, मस्त चालतो, वीस लिटरच्या जारला पैसे मोजायचे. ज्याच्याकडे आहेत तो पितो, बाकीचे हातपंपावर. आणि आरओने बाहेर टाकलेलं पाणी कुठे जातं? मागच्या नाल्यात. त्यात फ्लोराइड आणखी दाट झालेलं असतं.

निवृत्त उपअभियंता
आरओच्या आधीही उपाय होता. नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने पाण्यातलं फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत काढली: तुरटी, चुना, ढवळायचं, गाळ बसू द्यायचा. बादलीतही होतं. पण रोज मोजून टाकायला माणूस लागतो, गाळाची विल्हेवाट लागते. योजना मंजूर होते, माणूस मंजूर होत नाही. आम्ही लिहून लिहून थकलो.

पांढरकवड्याकडचा
साहेब, तुम्ही लिहून थकलात, माझी आई वाकून मेली. तुमच्याच खात्याचा एक माणूस आम्हाला 'पाणी उकळून प्या' सांगून गेला होता. तीन वर्षं आम्ही उकळून प्यायलो.

दाढदुखी
उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं आणि ते उलट वाढतं. हे सांगणाऱ्याला जबाबदार धरायलाच हवं होतं.

निवृत्त उपअभियंता
चुकीचं सांगितलं. खात्याच्या वतीने बोलायचा अधिकार मला आता नाही, पण चूक होती.

हक्काचं पाणी
म्हणजे शेवटी माझाच मुद्दा आला. सरकारच्या हाती मात्रा देऊ नका.

सॉल्टलेकची आई
नाही. पांढरकवड्याकडे सरकारने फ्लोराइड घातलं नव्हतं, जमिनीतून आलेलं काढलं नाही, हा दोष आहे. त्यांचं दुःख तुमच्या मुद्द्याला जुंपू नका. दादा, मी मघाशी तुमच्यावर चिडून उत्तर लिहिलं होतं, पाठवलं नाही. तो लेख खोटा आहे हे मी अजूनही म्हणेन. पण फ्लोराइडवर लिहिताना मी तुमच्या गावाचा एक शब्दही काढला नाही, ते चुकलं.

पांढरकवड्याकडचा
०.७ ने पाठ वाकत नाही, एवढं डॉक्टर म्हणतात म्हणून मानतो. घरी पेस्ट मात्र मी बिनफ्लोराइडचीच आणणार. यावर वाद घालू नका.

दाढदुखी
तुमच्या गावाला तेच योग्य. नाही घालत.

निवृत्त उपअभियंता
पाणी तपासलंय का अलीकडे? बोअरचा नमुना प्लास्टिकच्या बाटलीत भरा, काचेच्या नको. फ्लोराइड काचेला धरतं, आकडा कमी येतो. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत मी स्वतः बरोबर येतो.

पांढरकवड्याकडचा
सोमवारी येतो. दोन बाटल्या आणीन. एक बोअरची, एक शाळेतल्या हातपंपाची.