मदत हवी आहे : अंजनाच्या लाकडाच्या पेनाला कोणती फिटिंग शोभेल?

नमस्कार मंडळी. मी धुळ्याचा. घरच्या छोट्या लेथवर लाकडी पेनं बनवतो. ७ मिमीची पितळी नळी, तिच्यावर कातलेलं लाकूड, वर टोपण-क्लिप वगैरे धातूची फिटिंग.

अडचण लाकूड आणि धातूची जोडी जमवताना येते. आपल्याकडचं अंजन मला फार आवडतं. गडद तांबूस-तपकिरी, इतकं टणक की पटाशीला वरचेवर धार लावावी लागते, पण नुसत्या मेणानेही झळाळतं. त्यावर मी सोनेरी फिटिंग लावली. जळगावच्या एका काकांनी पाहताक्षणी लग्नाच्या आहेरासाठी चार मागितली. तेच पेन कॉलेजातल्या मुलींना दाखवलं तर म्हणाल्या, "दादा, हे आजोबांचं वाटतं." त्यांना काळी गनमेटल, म्हणजे काळपट-राखाडी धातूच्या रंगाची फिटिंग हवी होती. मला स्वतःला मात्र गडद लाकडावर काळा धातू बुडून गेल्यासारखा वाटतो, तो फिकट बाभळीवर उठून दिसतो.

शिवाय स्वस्त सोनेरी मुलामा रोज खिशात वावरून, घाम लागून उडतो. क्रोम टिकतं, पण अंजनाशेजारी थंड वाटतं. आहेराच्या पेनाचा मुलामा सहा महिन्यांत गेला तर मलाच वाईट वाटेल.

तुम्ही काय करता? गिऱ्हाईकाला आधी लाकूड निवडू देता की फिटिंग? आणि रोजच्या वापराला टिकेल असा सोनेरी मुलामा कोणता घ्यावा? शिक्षक, वकील, आहेर देणारे अशा वेगवेगळ्या लोकांना काय आवडलं, तेही फोटोसकट सांगा. दिवाळीआधी वीस पेनं तयार करायची आहेत.