रायझन १६०० प्रोसेसर काढून ५७००एक्स बसवायचा आहे, विंडोज पुन्हा टाकावी लागेल का?

दादरकर:
असेंबल केलेला पीसी आहे: बी४५० मदरबोर्ड, रायझन ५ १६००, १६ जीबी रॅम, एसएसडीवर विंडोज १०. रायझन ७ ५७००एक्स घ्यायचा विचार आहे. अकाउंटिंग आणि डिझाइनची सगळी सॉफ्टवेअर याच विंडोजवर आहेत, त्यामुळे फॉरमॅट नको. अ‍ॅक्टिव्हेशन जाईल का? जुना कूलर चालेल का?

ठाणे_स्लो:
फॉरमॅटची गरज नाही. बोर्ड तोच राहतोय, म्हणजे चिपसेट, लॅन, साउंडचे ड्रायव्हर तेच. नवा प्रोसेसर विंडोज स्वतः ओळखते. विंडोजचं लायसन्स मुख्यतः बोर्डाशी बांधलेलं असतं, ते सहसा टिकतं. डिझाइन सॉफ्टवेअरचं लायसन्स मात्र मशीन आयडीवर असेल तर आधी डीअ‍ॅक्टिव्हेट करून घ्या.

खरं काम बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, जे पीसी सुरू करतं) अपडेट करण्याचं आहे, आणि ते जुना प्रोसेसर बसलेला असतानाच उरकायचं. बोर्डाच्या साइटवर सीपीयू सपोर्टच्या यादीत ५७००एक्ससमोर बायोसचं कोणतं व्हर्जन दिलंय ते पाहा. काही बोर्डांना मधलं एखादं व्हर्जन आधी टाकावं लागतं, तिथली सूचना वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. बायोसची फाइल ज्यावर टाकाल तो पेनड्राइव्ह फॅट३२ फॉरमॅटमध्ये हवा. पीसी यूपीएसवर हवाच. पावसाळ्यात अपडेट चालू असताना लाइट क्षणभर गेली तरी बोर्ड मरू शकतो.

अपडेटनंतर सेटिंग्ज डिफॉल्टवर जातात. म्हणून आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा: बूट मोड, साटा मोड (ड्राइव्हच्या जोडणीचा), एक्सएमपी (रॅमच्या वेगाचं सेटिंग). विंडोज लेगसी (जुन्या पद्धतीच्या) बूट मोडमध्ये टाकलेली असेल आणि तो मोड चालवणारं सीएसएम हे सेटिंग बंद झालं, तर ड्राइव्ह बूटच होणार नाही. यासाठीच जुन्या प्रोसेसरवर एकदा विंडोज चालू करून बघा. इथे अडलं तर दोष सेटिंगचा, प्रोसेसरचा नाही.

परळ_वर्कशॉप:
वरच्यात भर. बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्ह-लॉक) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा आणि बिटलॉकर सस्पेंड करा. हे सस्पेंड एका रीस्टार्टनंतर आपोआप उठतं, त्यामुळे बायोस अपडेटच्या आधी एकदा आणि प्रोसेसर बदलायच्या आधी पुन्हा. नवा प्रोसेसर लावल्यावर एफटीपीएम (प्रोसेसरमधली सुरक्षा-किल्ल्यांची तिजोरी) रीसेट करू का, असं काळ्या स्क्रीनवर येतं. रिकव्हरी की हाताशी असेल तर वाय (Y) दाबा. त्यानंतर लॉगिनचा पिन चालत नाही, अकाउंटचा पासवर्ड लागतो.

कूलर काढण्याआधी पीसी १० मिनिटं लोडवर चालवा, मग बंद करून प्लग काढा. त्याने प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट मऊ होते. कूलर सरळ वर ओढू नका. हलका डावी-उजवीकडे फिरवत सोडवा, नाहीतर सॉकेटची लीव्हर बंद असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात. स्क्रूवाला स्टॉक कूलर असेल तर बोर्डामागची प्लेट एका हाताने धरा, स्क्रू सुटले की ती खाली पडते. नव्या प्रोसेसरवर मटाराएवढी पेस्ट पुरे.

५७००एक्ससोबत कूलर येत नाही. दोन्ही ६५ वॅटचेच, त्यामुळे १६०० चा कूलर चालून जाईल, पण मे महिन्यात बंद खोलीत रेंडर लावणार असाल तर टॉवर कूलर (उंच, मोठा कूलर) घ्याच.

दादरकर:
धन्यवाद. लॅमिंग्टन रोडला सेकंडहँड मिळतोय, घेऊ का?

परळ_वर्कशॉप:
पैसे देण्याआधी उलटा करून उजेडात तिरका धरा. १३३१ पिना आहेत, रांग सगळीकडून सरळ दिसली पाहिजे. दुकानातच बोर्डावर लावून डिस्प्ले दाखवायला सांगा, तेही ग्राफिक्स कार्डासह, कारण ५७००एक्समध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही. आणि पहिल्या बूटला मिनिटभर काहीच दिसलं नाही तर बटण दाबू नका, रॅमचं ट्रेनिंग (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो ते) चालू असतं.