मदत हवी आहे : काडीकिडे कात टाकताना मरतायत, अंड्यांचं काय करायचं? (कोल्हापूर)

विज्ञानकोपरा

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. वर्गात काडीकिडे ठेवलेत, मुलांनीच शाळेमागच्या पेरूवरून आणलेले. काही मेले. राहिलेले वाचावेत म्हणून नेमकं काय बदलायचं ते हवंय.

सध्याची व्यवस्था अशी : प्लास्टिकची बरणी, उंची २० सेंमी. झाकणाला तापल्या सुईनं पाडलेली भोकं. तळाला ओला टिश्यू, त्यावर पेरूची फांदी आडवी. सकाळी पाणी फवारते. सगळ्यात मोठा किडा ८ सेंमी. पेरूची पानं खातात, कडा कुरतडलेल्या दिसतात.

अडचणी :
१. कात टाकताना अर्धवट अडकून मरतात. जे सुटतात त्यांचे पाय वाकडे.
२. दोन तळाला पाय ताणून पडलेत. मेलेत की नाही कळत नाही.
३. तळाशी विष्ठेत बारीक बियांसारखे दाणे सापडले. अंडी असतील तर नर लागतो का? सगळे सारखेच दिसतात.
४. त्याच पेरूवर एक पानकिडा पण मिळाला, हिरवागार, पानासारख्या शिरा असलेला. तोही त्याच बरणीत आहे. चालेल का?

मंगळवारपेठ

मॅडम, बरणी लोणच्याला ठेवा. उभी जाळी बघा आधी. बाकी जाणकार सांगतीलच.

पानोपानी

वरच्यांनी गमतीत सांगितलं, पण उत्तर तेच आहे. खाणं बरोबर आहे, घर चुकलंय.

काडीकिडा कात टाकताना नख्यांनी फांदीला किंवा छताला उलटा लटकतो. पाठीवर, डोक्यामागे कातडी फाटते आणि तो स्वतःच्या वजनानं खाली सरकत बाहेर येतो. जुनी कात वर लटकलेली, नवा किडा तिच्याखाली, आणि नवा जुन्यापेक्षा लांब. म्हणून अंगाच्या तिप्पट उंची मोकळी लागते, नुसती बरणीची उंची धरून चालत नाही. ८ सेंमीच्या किड्याला लटकण्याच्या जागेखाली २४-२५ सेंमी रिकामं हवं. तुमच्याकडे एकूण उंचीच २० आणि त्यातली बरीचशी आडव्या फांदीनं अडवलेली. डोकं मध्येच फांदीला टेकलं की सरकणं थांबतं. पाय अजून कातेत असतात आणि तोवर नवी कातडी कडक व्हायला लागते. वाकडे पाय, चिमटलेलं पोट, तिथंच मरण, सगळं यातूनच.

दुसरं कारण प्लास्टिक. गुळगुळीत भिंतीवर ते चालतात, कारण पायाच्या टोकाला चिकट गादी असते. पण कात टाकताना सगळा भार नख्यांवर येतो आणि नखीला रुतायला काहीतरी खरखरीत लागतं. मधेच पडला की संपला.

घर असं करा. ३० × ३० सेंमी तळ आणि ५० सेंमी उंची. पीव्हीसी पाइपचा किंवा बांबूच्या काड्यांचा सांगाडा, त्याला चारी बाजूंनी आणि वरून मच्छरदाणीची बारीक जाळी. जाळी कापड दुकानात मीटरवर मिळते. एका बाजूला चेन किंवा वेल्क्रो. चेन वरपर्यंत नेऊ नका, उघडताना छताला लटकलेला किडा चिमटतो. छत जाळीचंच ठेवा, ते महत्त्वाचं. लोखंडी तारेची जाळी नको, पायाची टोकं घासून जातात. तळाला कोरडा वर्तमानपत्राचा कागद, म्हणजे अंडी शोधणं सोपं.

फांदी उभी. अरुंद तोंडाच्या बाटलीत पाणी भरून त्यात खोचा आणि तोंड कापसानं किंवा स्पंजच्या तुकड्यानं घट्ट बंद करा. हे विसरलं तर लहान पिल्लं देठावरून खाली उतरतात आणि पाण्यात बुडतात. पानं तीन-चार दिवसांनी बदला. जुनी फांदी लगेच फेकू नका, तिला चिकटलेली पिल्लं सहज नजरेतून सुटतात. नवी फांदी शेजारी ठेवा, रात्रीत आपोआप सरकतील.

फवारणी सकाळी नको, संध्याकाळी करा. ते रात्री हिंडतात, खातात, पानावरचे थेंब पितात. सकाळपर्यंत जाळी कोरडी झाली पाहिजे. ओला टिश्यू, बंद झाकण आणि कोल्हापूरचा पावसाळा एकत्र आले की बुरशी येणारच. जुलै-ऑगस्टमध्ये एक दिवसाआड हलका फवारा पुरतो. मार्च-एप्रिलमध्ये रोज, आणि जाळीच्या एका बाजूला ओलं फडकं टांगा. उन्हात ठेवू नका.

तळाला पडलेले दोघे लगेच टाकून देऊ नका. धक्का बसला की पाय अंगाला समांतर ताणून काडीसारखे ताठ पडायची त्यांची सवय असते आणि तसे ते बराच वेळ राहतात. फांदीवर अलगद ठेवा, रात्र जाऊ द्या. मेलेला असेल तर पाय सैल लोंबतात आणि पोट सुकायला लागतं.

गगनबावडा

चौथ्या प्रश्नाबद्दल. त्या 'पानकिड्या'च्या मिशा किती लांब आहेत? मागचे पाय कसे आहेत?

विज्ञानकोपरा

मिशा अंगापेक्षा लांब, दोऱ्यासारख्या. मागचे पाय लांब, गुडघा वर आलेला. झाकण उघडलं की उडी मारतो.

गगनबावडा

मग तो पानकिडा नव्हे. तो पानासारखा दिसणारा टोळ, रातकिड्याच्या नात्यातला. घाटातले 'पानकिडा सापडला' म्हणून फिरणारे बरेच फोटो याचेच असतात. त्याला पेरूवर सोडून द्या, बरणीत नको. त्याच्या उड्यांनी कात टाकणारा किडा खाली पडतो.

खरा पानकिडा काडीकिड्याच्याच गणातला, त्याचं कुळ फायलीडी. ओळखायच्या खुणा अशा : अंग वरून-खालून चपटं, टोळासारखं दोन्ही बाजूंनी दाबलेलं नाही. पायांनाही पानाच्या तुकड्यांसारख्या पट्ट्या. उडी कधीच नाही, चालताना मागेपुढे डुलतो. मादी रुंद, मिशा अगदी आखूड, पुढचे पंख पानासारखे आणि तिला उडता येत नाही. नर अरुंद, मिशा लांब, मागचे पंख पारदर्शक, आणि तो उडतो. दोघे शेजारी ठेवले तर वेगळ्या जातीचे वाटतील. अंड्यातून निघालेलं पिल्लू हिरवं नसतंच, तपकिरी किंवा काळसर असतं आणि भराभर पळतं. पानं खायला लागल्यावर हिरवं होतं. पानकिडेही पेरू खातात, म्हणून पेरूवर सापडला एवढ्यावरून काही ठरत नाही.

आणि कुणी 'खंडोबाचा किडा' म्हणालं तर पुढचे पाय बघा. त्याचे पुढचे पाय काटेरी, शिकार धरायला दुमडलेले. काडीकिड्याचे पुढचे पाय सरळ, फक्त मांडीच्या मुळाशी आत वळलेले. पाय पुढे ताणले की त्या खाचेत डोकं बरोबर बसतं आणि अख्खा किडा सलग काडी दिसतो.

विज्ञानकोपरा

टोळ सोडला. आत्ताच एकाची कात अडकलीय, मागचे दोन पाय आत. ओढून काढू का?

पानोपानी

ओढू नका. पाय तुटायची जागा ठरलेली असते, मांडीच्या मुळाशी. ओढ बसली की किडा तिथून पाय सोडून देतो. आधी हवा दमट करा. जाळीभोवती ओलं फडकं, किड्याच्या आसपास बारीक फवारा, थेट डोक्यावर नाही. कातेचं टोक जिथं लटकलंय ती जागा हलवू नका. तासाभरात सुटला नाही तर मऊ रंगाच्या कुंचल्यानं कोमट पाण्याचा थेंब फक्त अडकलेल्या सांध्यावर. तरी सुटला नाही आणि तो स्वतः पाय सोडू लागला, तर सोडू द्या. पाय गेला म्हणून मरत नाही. अंग आत चिमटलं असेल तर मात्र वाचणं अवघड.

सुटल्यावर पुढचा दिवस हात लावू नका. जुनी कात तो स्वतः खातो, ती काढून घेऊ नका.

गेलेला पाय पुढच्या कातींमध्ये परत येतो, आधी आखूड आणि मग थोडा मोठा. शेवटची कात होऊन प्रौढ झाल्यावर येत नाही. मुलांना दाखवण्यासारखी आणखी एक गोष्ट : प्रयोगशाळेतल्या काडीकिड्याची मिशी मुळापासून तुटली तर कधीकधी तिच्या जागी पाय उगवतो. मुद्दाम तोडून बघू नका एवढंच.

कात_टाकली

अंड्यांचं मी सांगतो. दाणा चिमटीत हलका दाबा. विष्ठा चुरते, अंडं कडक राहतं. भिंगातून एका टोकाला गोल झाकण दिसेल, पिल्लू तेच उघडून बाहेर येतं. बऱ्याच जातींत झाकणावर फिकट बोंड असतं. ते मुंग्यांना आवडतं. मुंग्या अंडं वारुळात नेतात, बोंड खातात आणि अंडं तिथंच पडून सुरक्षित उबतं. काही झाडांच्या बियांवरही असंच बोंड असतं आणि मुंग्या त्याही नेतात. दोघांनी एकच युक्ती स्वतंत्रपणे काढलेली.

नर लागतोच असं नाही. खूप जातींत मादी नराशिवाय अंडी घालते, पिल्लं निघतात आणि त्या सगळ्या माद्याच असतात. जगभरच्या प्रयोगशाळांत पाळला जाणारा कॅरॉशियस मोरोसस असाच. मूळचा तमिळनाडूच्या डोंगरांतला, १९०१ साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं, आणि पाळलेल्यांत नर क्वचितच. त्याच्या प्रौढ मादीच्या पुढच्या पायांच्या मुळाशी आतून लाल डाग असतो. तुमच्यांत तो आहे का बघा. ज्या जातींत एरवी नर असतात, तिथं नराविना घातलेली अंडी कमी उबतात आणि वेळही जास्त घेतात.

उबवणं : उथळ डबी, तळाला दोन सेंमी कोकोपीट किंवा धुऊन वाळवलेली वाळू, हाताला जेमतेम ओलसर लागेल इतकीच. अंडी वर पसरा, पुरू नका. झाकणाला टाचणीची भोकं. आठवड्यातून एकदा कडेनं थोडं पाणी, अंड्यांवर नाही. बुरशीचं अंडं दिसलं की चिमट्यानं काढून टाका. २० ते २५ अंशांत ठेवा. जातीनुसार आणि उबेनुसार दोन महिन्यांपासून सहा महिने, कधी त्याहून जास्त. 'काही होत नाही' म्हणून डबी टाकून देणं हीच इथली सगळ्यात मोठी चूक.

पानोपानी

भर घालतो. जात ओळखायची तर अंड्याचा जवळून फोटो टाका, बाजूला मोजपट्टी ठेवून. जगात काडीकिडे-पानकिड्यांच्या तीन हजारांहून जास्त जाती आहेत आणि किड्याच्या फोटोपेक्षा अंड्याचा आकार, झाकण आणि नक्षी यावरून बरंच ठरतं. हिरवा की तपकिरी यावरून जात सांगायला जाऊ नका, एकाच जातीत दोन्ही रंग सापडतात.

पिल्लं निघाल्यावर पहिले काही दिवस जास्त मरतात, बहुतेक उपाशी. जून पानाची कड त्यांना चावता येत नाही. कात्रीनं कड कापून द्या, कापलेल्या जागेवरून खायला लागतात. पेरू नको वाटला तर गुलाबाचं पान द्या, पण फुलवाल्याकडचं किंवा नर्सरीतलं नको. नर्सरीतलं काही औषध मुळावाटे पानात उतरलेलं असतं, ते धुऊन जात नाही.

मंगळवारपेठ

आणि मॅडम, शेताच्या बांधावरचा पेरू पण नको. उसावर फवारलेलं औषध वाऱ्यानं बांधावर येतंय. अंगणातला बघा.

वर्गात मच्छर मारायचं मशीन लागतंय का? तेही डास मारायला जे औषध सोडतं ते सगळ्याच किड्यांना लागतंय. मुंग्यांचा खडू जाळीच्या टेबलाला तर अजिबात ओढू नका. मुंग्या मात्र येणार, कात टाकणाऱ्या पिल्लाला जिवंत तोडतात. टेबलाचे चारी पाय पाणी भरलेल्या वाट्यांत ठेवा आणि टेबल भिंतीपासून हातभर लांब. नाहीतर पाण्याला वळसा घालून भिंतीवरून येतात.

विज्ञानकोपरा

लाल डाग एकाही मादीला नाही. मशीन होतं, काढलं. तळाला पडलेल्या दोघांपैकी एक रात्री फांदीवर चढला. अडकलेला एक पाय टाकून सुटला. मुलं विचारतायत, राधानगरीच्या सहलीत आणखी आणायचे का?

गगनबावडा

नाही. राधानगरी अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तिथला कुठलाही जीव परवान्याशिवाय उचलता येत नाही, किडाही नाही. बघायचे असतील तर शाळेजवळच अंधार पडल्यावर टॉर्चनं पेरू, करवंदीचे शेंडे बघा. दिवसा समोर असून दिसत नाहीत, रात्री चालताना दिसतात. पहिल्याच नजरेत दिसतील ते खाल्लेल्या पानांचे कोपरे, त्यांच्या आसपास शोधा.

तुमचे किडे त्याच पेरूवरचे आहेत, म्हणून जास्त झाले तर त्याच पेरूवर परत सोडायला हरकत नाही. दुसऱ्या कुणाकडून आणलेले किंवा विकत मागवलेले असतील तर बाहेर सोडायचे नाहीत, त्यांची अंडीही कचऱ्यात टाकायची नाहीत. नको असलेली अंडी दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग टाका.

विज्ञानकोपरा

शेवटचं एक. मे महिन्यात शाळा बंद. डबीतल्या अंड्यांचं काय?

कात_टाकली

घरी न्या. पंख्याखाली नको, माठाजवळच्या सावलीतल्या कोपऱ्यात ठेवा. कोल्हापुरात मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत अंडी भाजतील. कोकोपीट लवकर सुकतं, म्हणून आठवड्याऐवजी तीन दिवसांनी बघा. एखादं पिल्लू निघालंच तर अंड्याचं टरफल पायाला अडकलेलं असू शकतं. ओढायचं नाही, ओल्या कुंचल्यानं भिजवा, बहुतेक वेळा चालता चालता पडतं. त्याच दिवशी त्याला जाळीत टाका, कड कापलेलं पान द्या आणि बाटलीचं तोंड परत एकदा तपासा.