मुंबई ते न्यूअर्क: अंतर किती आणि प्रवासाचा खरा वेळ किती?

डोंबिवलीकर: सप्टेंबरमध्ये आईवडील धाकट्या बहिणीकडे न्यू जर्सीला जाणार आहेत. थेट विमान मुंबईहून रात्री १ वाजता सुटून त्याच दिवशी सकाळी ७.३० ला न्यूअर्कला उतरते. ऑक्टोबरमधील परतीचे विमान तिथून रात्री ८ ला निघून दुसऱ्या दिवशी रात्री ८ ला मुंबईत येते. तिकीट पाहून आईने हिशेब मांडला की जाताना साडेसहा तास आणि येताना चोवीस, म्हणजे येताना विमान वाटेत कुठेतरी रेंगाळत असणार. घड्याळांतील फरक तिला समजावला. परंतु तो धरूनही दोन्ही वेळा सारख्या येत नाहीत, याचे कारण मलाही सांगता आले नाही. शिवाय नेमके अंतर किती धरावे?

एडिसनवासी: त्या दिवसांत न्यूअर्क भारताच्या साडेनऊ तास मागे असते. साडेसहात साडेनऊ मिळवले की जाण्याचे सोळा तास होतात आणि चोवीसमधून तेवढेच वजा केले की येण्याचे साडेचौदा उरतात. काकूंच्या आकड्यांची बेरीज करून निम्मी केली, तर घड्याळांचा फरक आपोआप कटतो आणि सरासरी सव्वापंधरा तास मिळते. दीड तासाची तफावत मुख्यतः वाऱ्यामुळे पडते. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम हा वेगवान वाऱ्याचा प्रवाह असतो; ती पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, त्यामुळे येताना तिचा रेटा मिळतो आणि जाताना तिला तोंड द्यावे लागते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतरचे तिकीट असेल, तर फरक साडेदहा तासांचा धरावा.

निवृत्त भूगोल शिक्षक: अंतर सुमारे १२,५५० किलोमीटर आहे, पण ते भिंतीवरच्या नकाशावर मोजू नये. तिथे पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेवरून जाते आणि त्या वाटेने जवळजवळ १४,२०० किलोमीटर पडतात. त्याऐवजी पृथ्वीच्या गोलावर दोन शहरांमध्ये शिवणाचा दोरा ताणून धरावा. तो उत्तरेकडे चढत ६५ अंश अक्षांशापर्यंत जातो आणि आइसलँडवरून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला घासून कॅनडातील लॅब्राडोरकडे उतरतो. माझ्याकडच्या तीस सेंटीमीटर व्यासाच्या गोलावर तो साडेएकोणतीस सेंटीमीटर भरला. प्रत्यक्षात विमान दोऱ्यावरून तंतोतंत जात नाही. वारे पाहून मार्ग ठरतो आणि कधी हवाई हद्दही आड येते. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली, तेव्हा त्यांच्यासाठी ही वाट सिंधमध्येच अडली.

डोंबिवलीकर: मुलाचा गोल माळ्यावरून काढून आईसमोर दोरा धरला. सरासरीचा हिशेब तिला लगेच पटला. आता ग्रीनलंडचा बर्फ दिसावा म्हणून खिडकीची जागा मागते आहे. ती घ्यावी का?

एडिसनवासी: जरूर घ्यावी, मात्र बर्फाची खात्री देता येत नाही. जाताना विमान रात्रीबरोबरच पश्चिमेकडे सरकत असते, त्यामुळे त्या भागात तरी विमानापेक्षा पहाटच अधिक रेंगाळताना दिसेल.