फ्रेमचं अर्थिंग काढू नका

पावसाळी सकाळी आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळू लागला की पुरवठा तोडणारा स्विच) पडते म्हणून सोलर पॅनेलच्या धातूच्या फ्रेमचं अर्थिंग काढायचा सल्ला वर कुणीतरी दिलाय. कृपया तसं करू नका! गळणाऱ्या करंटला मग जमिनीत जायला फ्रेमला हात लावणाऱ्या माणसाचीच वाट उरते.

पॅनेलमधले सेल आणि फ्रेम मिळून कपॅसिटर (विद्युतभार साठवणारी जोडी) बनतो, काच ओली झाली की तो वाढतो आणि त्यातून करंट गळतो. गळती किती, हे इन्व्हर्टरच्या (डीसीचं एसी करणाऱ्या यंत्राच्या) आतल्या रचनेवरही ठरतं. युनिपोलर स्विचिंगच्या साध्या एच-ब्रिजमध्ये (चार स्विचेसच्या रचनेत) कॉमन मोड व्होल्टेज, म्हणजे पॅनेलच्या दोन्ही तारांचं जमिनीच्या तुलनेतलं सामाईक व्होल्टेज, स्विचिंगच्या वेगानं हलतं आणि गळती वाढते. एच5 किंवा हेरिक या जादा स्विच असलेल्या रचनांत फ्रीव्हीलिंगच्या वेळी (करंट पॅनेलकडून न येता आतल्या आत फिरतो तेव्हा) पॅनेल ग्रिडपासून तुटतं, म्हणून ती बरीच कमी.

आधी इलेक्ट्रिशियनकडून इन्सुलेशन तपासून घ्या. पॅनेलच्या वायरी जोडणारे एमसी4 कनेक्टर कधीकधी छतावरच्या डबक्यात लोळत असतात, तिथूनही गळती होते. इन्सुलेशन ठीक असेल तर 30 मिलिअँपिअरऐवजी इन्व्हर्टरच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेल्याच रेटिंगची आणि टाइपची आरसीसीबी बसवा.